बेळगावात डिस्क गोल्फ खेळायचंय? आधी एकच पटर घ्या

"काय करूलाईस रे? ताटली कशाला फेकूलाईस झाडावर?"

टिळकवाडीत पहिल्याच रविवारी फिरायला आलेल्या एका काकांनी मला हटकलं. डोक्याला कानटोपी, हातात काठी. मी म्हटलं, "काका, हा गोल्फ आहे." त्यांनी स्वतःच्या काठीकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे. म्हणाले, "गोल्फला काठी लागते की."

त्यांचं बरोबर होतं. मलाही तेव्हा धड सांगता आलं नाही. आता तीन पावसाळे झाले, डिस्का हरवून झाल्या, एकदा मैदानातून हाकलूनही झालं. तुमचा तेवढा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

१. खेळ काय आहे ते आधी समजून घ्या

चेंडूच्या जागी डिस्क, खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली बास्केट, बाकी सगळं गोल्फसारखं. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली फेक. डिस्क पडेल तिथून पुढची. कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची. टीपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. एका कोर्सला बहुधा ९ किंवा १८ होल असतात.

आपल्याकडे साखळीची बास्केट कुठे आहे, असं विचारून बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स मांडला. ती सार्वजनिक बागच होती आणि सुरुवातीला लक्ष्य म्हणून तिथे नुसते खांब होते. साखळ्यांची बास्केट त्यानंतर आली. साखळीचं काम एवढंच, की डिस्कचा वेग मारायचा आणि तिला खालच्या जाळीत पाडायचं. त्याच्याही आधी लोक झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे असं काहीही लक्ष्य धरून खेळत. तेव्हा जांभळाच्या बुंध्याला सुतळी बांधून खेळलात तर कमीपणा नाही. खेळाची सुरुवातच तशी आहे.

२. काय घ्यायचं आणि काय अजिबात नाही

खेळाच्या दुकानात "फ्रिजबी द्या" म्हटलं की पोरांची पातळ प्लास्टिकची तबकडी हातात पडते. ती वाऱ्यावर हेलकावे खाते, इथे तिचा उपयोग नाही. दुसरी मिळते ती अल्टिमेट खेळाची, १७५ ग्रॅमची. ती झेलायला छान, पण जवळजवळ २७ सेंटीमीटर रुंद. गोल्फची डिस्क २१-२२ सेंटीमीटरची असते, वजन साधारण १५० ते १८० ग्रॅम, आणि कडेला दाट प्लास्टिक. ती ऑनलाइनच मागवावी लागते.

तीन जाती लक्षात ठेवा. ड्रायव्हरची कड रुंद आणि धारदार, ती लांब जाते. मिडरेंज मधली. पटरची कड बोथट, तो सावकाश आणि सरळ जातो.

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. 'एविआर' या जुन्या, नावाजलेल्या पटरवर २, ३, ०, १ असे आकडे दिसतील. पहिला आकडा १२-१३ असलेली डिस्क घेण्याचा मोह होतोच. मलाही झाला. पण हा आकडा म्हणजे 'ही इतकी लांब जाते' असं नाही. तेवढ्या वेगानं फेकता आली तरच ती नीट उडते. माझ्या हातून बारा वेगाचा ड्रायव्हर तीस पावलांवर डावीकडे कलंडून जमिनीत रुतायचा आणि मी वाऱ्याला शिव्या घालायचो. तो आता कपाटावर आहे.

पहिले तीन महिने एकच पटर पुरतो. फार तर जोडीला ५ वेगाची एक मिडरेंज. बागेत खेळणाऱ्याला तर पटरच बरा, कारण चुकून कुणाला लागला तर बोथट कडेचा लागतो.

रंगाची गंमत सांगतो. लाल घेऊ नका, आपली माती तांबडी. हिरवी घेऊ नका, कारण सांगायला नको. पिवळी वाळल्या पानांत लपते. गुलाबी आणि गडद निळी, या दोनच मी आता घेतो.

सोबत ठेवायचं सामान: परमनंट मार्कर, जुना पंचा, सुतळीचा गुंडा, फक्कीची पुडी, पाण्याची बाटली, आणि डिस्क पडली ती जागा दाखवायला बाटलीचं झाकण. बाजारात मिनी मार्कर मिळतो, पण झाकण चालतं. कापडी पिशवीत सगळं मावतं.

३. जागा

बागेचं फाटक उघडं आहे म्हणून ती जागा या खेळाची होत नाही. शिवाजी उद्यानासारख्या बागेत मुलं, आजीआजोबा, बाकडी. तिथे डिस्क बाहेरच काढू नका. लेले मैदानावर क्रिकेट चालतं, त्यांच्या खेळपट्टीवरून तुमची डिस्क गेली की भांडण ठरलेलं. व्हॅक्सिन डेपोसारखी झाडांची मोठी जागा या खेळाला मानवते, पण तिथे सकाळी फिरणाऱ्यांची रांग असते. त्याबद्दल पुढे.

कॅम्प भागात लष्कराच्या भिंती आहेत. भिंतीपलीकडे डिस्क गेली तर ती गेली. "एवढी एक आणतो" म्हणून चढू नका. किल्ल्याच्या खंदकाचंही तेच. येळ्ळूरच्या राजहंसगडावर आम्ही हौसेनं एकदा गेलो होतो. वारा असा, की पहिली डिस्क वर चढली, थांबली आणि आमच्याच डोक्यावरून मागे दरीत उतरली. तिथे भाकरी-पिठलं खायला जावं.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मंडळींना सुट्टीतलं शाळेचं मैदान सगळ्यात सोपं. हेडमास्तरांना भेटा, पोरांनाही शिकवतो म्हणा. खानापूरकरांनो, जंगल जवळ आहे म्हणून वनखात्याच्या हद्दीत शिरू नका.

जागा ठरवण्याआधी एकदा रिकाम्या हातानं जा. ज्या वेळी खेळायचंय त्याच वेळी जाऊन अर्धा तास बसा. कोण कुठून येतं, कुठे वळतं, कुठे पोरं सायकल शिकतात, हे बघा.

४. परवानगी आणि कागद

चौघे मित्र दोन डिस्का घेऊन गेलात तर राखणदाराला सांगणं पुरतं. पण चोरून नको. डिस्क त्याच्या हातात द्या, दोनदा फेकू द्या. त्यानंतर तोच "तिकडं नको, इकडं मोकळं आहे" असं सांगतो.

दहा-बारा जण, दर रविवार, किंवा बास्केट उभी करायची असेल तर मात्र जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे लेखी अर्ज करा. जागा महापालिकेची, एखाद्या खात्याची की संस्थेची, ते आधी विचारून घ्या, नाहीतर या टेबलावरून त्या टेबलावर फिराल. सोबत न्या:

- अर्ज, दोन प्रतींत (एक त्यांना, एकीवर पोच)
- दोघांच्या आधार कार्डाची झेरॉक्स
- जागेचा हातानं काढलेला नकाशा, कुठून कुठे फेकणार त्याचे बाण दाखवून
- दिवस, वेळ, माणसं किती
- "झाडाला खिळा मारणार नाही, खड्डा खणणार नाही, कचरा ठेवणार नाही" असं सहीनिशी

एक खाच सांगतो. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात दोन आठवडे पडून होता, कारण विषयात मी 'गोल्फ' लिहिलं होतं. साहेबांना वाटलं, हा बाबा बागेत गोल्फ क्लब काढतोय. दुसऱ्या अर्जात 'तबकडी फेकण्याचा खेळ, कोणतेही बांधकाम नाही' असं लिहिलं आणि काम झालं. आणि अर्ज कन्नडमध्येच न्या. भाषेचा प्रश्न आपल्या जागी आहे, तो त्या टेबलावर सुटायचा नाही. आपल्याला रविवारचे दोन तास हवे आहेत. माझे अर्ज शेजारच्या पाटलांची सून लिहून देते. कन्नड माध्यमातली आहे, अक्षर सुंदर.

५. नऊ होल आखणं

फेकीची दिशा नेहमी पायवाटेपासून लांब जाणारी हवी. पायवाट ओलांडून फेकावं लागेल असा होल कितीही छान दिसला तरी टाकून द्या. वळणामागचं दिसत नसेल तर तोही नको. निदान पुढे एक माणूस उभा करा.

लांबी पावलांनी मोजा. माझं लांब पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे साठ पावलं झाली की पंचेचाळीस मीटर. नवख्यांसाठी तीस ते साठ मीटरच्या मध्ये होल ठेवा. टीच्या जागी फक्कीची रेघ ओढा, कबड्डीच्या मैदानाला आखतात तीच. पावसानं जाते, त्यामुळे कुणाची तक्रारही राहत नाही.

लक्ष्य म्हणून जाड बुंधा निवडा. एक सुतळी गुडघ्याच्या थोडी वर, दुसरी छातीच्या उंचीवर. मधल्या पट्ट्याला डिस्क लागली की होल पुरा. खेळ संपला की सुतळ्या सोडून घरी न्या.

प्रत्येक होलला पार, म्हणजे अपेक्षित फेकी, ३ धरा. नऊ होलांचे २७ होतात. माझी पहिली फेरी ४८ ची होती.

६. फेकायचं कसं

इथे घाई करू नका. मी सहा महिने चुकीचं फेकत होतो आणि कुणी सांगितलंही नाही.

उजव्या हातानं खेळणाऱ्यानं उजवा खांदा लक्ष्याकडे करावा. चारही बोटं डिस्कच्या कडेखाली, अंगठा वर. हात मागे न्या आणि छातीजवळून सरळ रेषेत ओढा, झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर झटक्यात ओढतो तसा. चादर नुसत्या मनगटानं ओढली जात नाही, कंबर फिरते, मागचा पाय रेटा देतो. इथेही तेच. हा बॅकहँड.

दुसरा प्रकार फोरहँड. तळ्यावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या मारल्या असतील तर तो तुम्हाला येतोच, फक्त माहीत नाही. कोपर अंगाजवळ, मनगटाचा फटका.

आता सगळ्यांची एकच चूक. डिस्क लांब जावी म्हणून नाक वर करून फेकतात. पुढची कड वर झाली की डिस्क चढते, वेग संपतो आणि ती मागे घसरत खाली येते. आमटीनं भरलेली ताटली न सांडता पुढे सरकवायची आहे असं समजा. डिस्क सपाट, पुढची कड किंचित खाली. पहिल्या दिवशी ती जमिनीवर आपटेल. आपटू दे, बागेत खाली आपटलेली डिस्क वर भरकटलेल्या डिस्कपेक्षा बरी.

उजव्या हाताच्या बॅकहँडनं फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे वळते. तो दोष नाही. वरून पाहिलं तर ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत असते. वेग मंदावला की हवेचा रेटा डिस्कच्या पुढच्या भागाला उचलू बघतो, आणि फिरत्या वस्तूवर त्याचा परिणाम बाजूला होतो, म्हणून ती डावीकडे कलते. फोरहँडला हेच उजवीकडे. मग झाडाच्या डावीकडून जायचं की उजवीकडून, यावर फेक निवडायची. खेळाची मजा खरी इथे सुरू होते. माझा शेजारी डावखुरा आहे, त्याचं सगळं उलटं. कुठली डिस्क कुठे पडली यावर आमचं कधी एकमत होत नाही.

आणि वारा. समोरून वारा असला की डिस्कला वेग जास्त असल्यासारखं वाटतं, उजव्या हातवाल्याची बॅकहँड उजवीकडे उलटू बघते. पाठीमागून असला की ती लवकर खाली येते आणि डावीकडे जास्त वळते. जून-जुलैमध्ये पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा मी जोर निम्मा करतो आणि डिस्क खांद्याच्या वर जाऊ देत नाही.

जवळच्या फेकीला पट म्हणतात. त्याचा सराव घरी होतो. परसात बुट्टी, म्हणजे टोपली, उलटी टांगा, सहा पावलांवरून रोज वीस फेका. आईला आधी विचारा, भाकरीची बुट्टी घेऊ नका.

७. नियम, लागतील तेवढेच

१९७६ पासून या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, पीडीजीए. तिचं नियमांचं पुस्तक मोठं आहे. बागेत खेळायला एवढं पुरे:

- ज्याची डिस्क लक्ष्यापासून सगळ्यात लांब, तो आधी फेकतो. टीवर मात्र मागच्या होलला ज्याच्या फेकी सगळ्यात कमी, तो आधी.
- डिस्कच्या पुढच्या कडेला टेकवून झाकण ठेवा, डिस्क उचला. फेकताना एक पाय झाकणाच्या लगेच मागे हवा.
- लक्ष्यापासून १० मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. दहा मीटर म्हणजे माझी तेरा पावलं.
- ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड. पायवाट आणि तिच्या पलीकडचं सगळं आम्ही हद्दीबाहेरच धरतो. मग कुणाला तिकडे फेकायची हौस राहत नाही.
- हरवली तर तीन मिनिटं शोधायचं. नाही मिळाली तर एक फेक दंड. शोधायला सगळ्यांनी लागायचं, प्रतिस्पर्ध्यानंही.

आकडे लिहायला युडिस्क नावाचं ॲप आहे. आम्ही कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहितो.

८. बागेतली माणसं

सार्वजनिक बागेत पहिला हक्क चालणाऱ्याचा. तो रेंगाळला, फोनवर बोलत मध्येच उभा राहिला, तरी त्याचाच. १७० ग्रॅमची कडक कडेची डिस्क कपाळाला लागली तर टाके पडतात, आणि मग तुमचाच काय, कुणाचाच खेळ त्या बागेत होत नाही.

म्हणून वेळ निवडा. सकाळी सहा ते साडेआठ फिरणारे आणि हास्य क्लब. संध्याकाळी पाचनंतर क्रिकेट आणि लहान मुलं. आम्हाला रविवारी नऊ ते अकरा मिळतं. उन्हाळ्यात तेवढंही नको होतं.

माणूस फेकीच्या रेषेत येताना दिसला की हात खाली. त्याला थांबायला लावू नका, "दाटि होग्री" म्हणा, म्हणजे ओलांडून जा. डिस्क हातातून सुटल्यावर भरकटली तर मात्र ओरडायचं. परदेशात 'फोर' ओरडतात. इथे 'फोर' म्हटलं की लोक चौकार बघायला मान वळवतात, हे मी पाहिलंय. आम्ही "सांभाळाऽऽ" ओरडतो, आणि कन्नड माणूस असला तर "निल्रीऽऽ". आवाज लाजून काढू नका.

कानटोपीवाले काका अजून येतात. त्यांना हा खेळ अजूनही पटलेला नाही. पण डिस्क कुठल्या झुडपात गेली हे त्यांच्याइतकं अचूक कुणी सांगत नाही. काठीनं दाखवतात.

कुत्र्यांना ही डिस्क फार आवडते. एकदा उचलली की पाठलाग करू नका, पाठलागालाच ते खेळ समजतात. पाठ फिरवून उभे राहा.

९. स्वतःची बुट्टी

बास्केटला आम्ही बुट्टीच म्हणतो. तीन-चार महिने टिकलात तरच बनवा. चोवीस इंची सायकलची जुनी रिम, दीड इंची पाइप, जुन्या पत्र्याच्या डब्यात ओतलेल्या सिमेंटचं बूड. रिममधून साखळ्या लोंबत्या सोडायच्या आणि खालची टोकं आत पाइपजवळ आणून अडकवायची. त्यांच्याखाली जाळीची बुट्टी, तिची कड जमिनीपासून ८० सेंटीमीटरच्या आसपास. उद्यमबागेत ओळखीचं वर्कशॉप असेल तर एका दुपारचं काम. साखळ्या बारा तरी घ्या. मी सहाच लावल्या, तर डिस्क मधून आरपार जायची आणि सगळे म्हणायचे, "होल झालाच की!" झाला नव्हता. साखळीला लागून उपयोग नाही, डिस्क बुट्टीत राहिली पाहिजे.

बूड जड ठेवा, पण रिक्षात चढेल इतपतच.

१०. पावसाळा आणि हरवलेल्या डिस्का

जूननंतर टीची जागा लोण्यासारखी होते. धावत येऊन फेकू नका, उभ्यानं फेका. प्रत्येक फेकीआधी डिस्क पंच्यानं पुसा, ओली डिस्क हातातून लवकर सुटते आणि भलतीकडे जाते. गुडघाभर गवतात आणि घाणेरीच्या जाळीत हात घालण्याआधी काठीनं आपटा. आपल्याकडे घोणस आहे. पाऊस जोरात असेल त्या महिन्यात आम्ही सरळ घरी बुट्टीत पट करत बसतो.

उन्हाळ्यात डिस्का गाडीच्या डिकीत ठेवू नका, स्वस्त प्लास्टिक वाकडं होतं.

झाडावर अडकली तर दुसरी डिस्क मारून पाडायला जाऊ नका. दोन्ही वर राहतात. दगड तर नकोच, खाली माणसं असतात. आंबे काढायचा झेला मागून आणा, किंवा वाऱ्याची वाट बघा.

आणि डिस्क हातात आली त्याच दिवशी तिच्यावर मार्करनं फोन नंबर लिहा. मागच्या भाद्रपदात माझी गुलाबी मिडरेंज नाल्याकडे गेली ती गेलीच. पंधरा दिवसांनी फोन आला, "निम्म ताट सिक्कैत्री." तुमचं ताट सापडलंय. पत्ता विचारत गेलो तर अंगणात ती उताणी ठेवलेली, आणि आत त्यांच्या आजीनं शेंगदाणे वाळत घातलेले. शेंगदाणे सुपात ओतून त्यांनी डिस्क दिली, वर मूठभर शेंगदाणेही दिले. नंबर वरच्या बाजूला लिहिला होता, तो घासून निम्मा पुसला होता. शेवटचे दोन आकडे त्यांनी अंदाजानं लावले, तिसऱ्या खेपेला मी लागलो म्हणे. तेव्हा नंबर खालच्या, आतल्या बाजूला लिहा.